अर्धवट खेळाचे पूर्ण पैसे

मागच्या पावसाळ्यात इंदूरच्या आमच्या शाखेत एक काका मुलाचे पासबुक घेऊन आले. त्यांचे इस्त्रीचे दुकान आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरायला येतात, एरवी फारसे दिसत नाहीत. पासबुकातल्या दोन नोंदींवर त्यांनी पेन्सिलने गोल केले होते, एक १,४९९ रुपयांची आणि दुसरी १,१९९ रुपयांची. म्हणाले, "मॅडम, पोराने गेमचे पैसे भरलेत. गेम अजून तयारच व्हायचाय म्हणतो. बावीस महिने झाले. दुकानदाराने माल दिला नाही तर आपण पैसे परत मागतोच की नाही?"

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. एकच गोष्ट त्यांना माहीत नव्हती. माल मिळालेला होता, पहिल्याच दिवशी. तो अर्धवट होता, आणि अर्धवट म्हणूनच विकला गेला होता.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून हा पाठ. तुम्ही स्वतः गेम खेळत नसलात तरी वाचा. मुलगा, भाची, धाकटा दीर, कोणीतरी खेळतच असते, आणि पैसे बहुतेक वेळा बचत खात्यातूनच जातात.

'अर्ली ॲक्सेस' म्हणजे काय

संगणकावरचे खेळ विकणारे 'स्टीम' नावाचे मोठे ऑनलाइन दुकान आहे. अमेरिकेतली व्हॉल्व्ह ही कंपनी ते चालवते. मार्च २०१३ मध्ये या दुकानाने 'अर्ली ॲक्सेस' हा प्रकार सुरू केला. खेळ पूर्ण होण्याआधीच तो विक्रीला ठेवायचा. घेणाऱ्याने पैसे भरायचे, खेळ लगेच उतरवून घ्यायचा आणि जेवढा तयार आहे तेवढा खेळायचा. बनवणारे त्यात भर घालत राहतात. काम पूर्ण झाले असे त्यांनी जाहीर केले की त्याला १.० आवृत्ती म्हणतात. तोवर येणाऱ्या सुधारणांचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

अशा प्रत्येक खेळाच्या पानावर दुकानाची एक सूचना असते. खेळ अपूर्ण आहे, तो पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आज आहे तसा आवडत नसेल तर थांबा, असा तिचा अर्थ. सूचना स्पष्ट असते. पण तिच्या आजूबाजूला उद्या काय काय येणार याची चित्रे आणि चलचित्रे असतात, आणि घेणाऱ्याची नजर तिकडे जाते. विकणारा आजचा खेळ विकतो, घेणारा उद्याचा विकत घेतो. बावीस महिन्यांनी जो राग येतो तो या फरकातून.

इथे एक खुलासा. काकांनी मला विचारले होते, "हे गेम सरकारने बंद केलेत ना?" २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांबद्दल आहे. आपण इथे बोलतोय तो खेळ एखाद्या पुस्तकासारखा विकत घेतलेला असतो. त्यात जिंकायला पैसे नसतात.

हे पैसे कोणत्या खात्यात धरायचे

बँकेत मुदत ठेव ठेवली की तुम्ही बँकेला पैसे दिलेले असतात आणि बँक तुमचे देणे लागते. मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या तारखेला, हे सगळे पावतीवर छापलेले असते. बँकच बुडाली तरी एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात तर धोका वाढतो, पण २०१६ च्या रेरा कायद्याने थोडा आधार दिला आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावे लागतात. ताबा देण्याची तारीख करारात लिहावी लागते. ती पाळली नाही तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात. प्रत्यक्षात किती खेटे घालावे लागतात ते ज्यांनी घातलेत त्यांना माहीत आहे. तरी निदान बोट ठेवायला एक कलम असते.

अर्धवट खेळाच्या बाबतीत यातले काहीच नाही. वेगळे खाते नाही, बंधनकारक तारीख नाही, विमा नाही. बनवणाऱ्याने मिळालेले पैसे पुढच्या खेळावर खर्च केले तरी त्याला विचारणारे कोणी नाही. तुम्ही ठेवीदार नाही, भागधारक नाही, आगाऊ पैसे भरून मालाची वाट पाहणारे ग्राहकही नाही. आज जे मिळाले ते विकत घेणारे ग्राहक आहात, व्यवहार त्याच क्षणी पुरा झाला. म्हणून घरच्या हिशेबात हे पैसे 'गुंतवणूक' किंवा 'ॲडव्हान्स' या रकान्यात मांडू नका. सिनेमाचे तिकीट, भेळ, रिचार्ज यांच्या रकान्यात मांडा.

काम रखडते ते का

खेळाडूंना पहिली शंका येते ती फसवणुकीची. कधीकधी ती खरी असते. पण मी वाणिज्य शाखेची, मला आधी रोख रकमेची आवकजावक दिसते, आणि बऱ्याच वेळा गोम तिथेच असते.

खेळ विक्रीला आला की पहिल्या काही आठवड्यांत भरपूर पैसे येतात. ज्यांना तो हवाच होता ते सगळे तेव्हाच घेतात. नंतर विक्री ओसरते. खर्च मात्र ओसरत नाही. प्रोग्रॅमर, चित्रकार, तपासणारे यांचे पगार दर महिन्याला द्यावेच लागतात. म्हणजे आवक एकदाच मोठी आणि जावक दरमहा सारखी. दिवाळीत वर्षभराचा धंदा करणाऱ्या फटाक्यांच्या दुकानदाराने बारा महिने दहा नोकर ठेवावेत, तसे.

अमेरिकेतल्या डबल फाइन या स्टुडिओचा 'स्पेसबेस डीएफ-९' हा खेळ याचे स्वच्छ उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो अपूर्ण अवस्थेत विक्रीला आला. पुढचे काम विक्रीतून येणाऱ्या पैशांवर चालवायचे असा बेत होता. विक्री खर्चाला पुरेना, तेव्हा वर्षभरात स्टुडिओने काम आवरते घेतले. ऑक्टोबर २०१४ मध्ये १.० आवृत्ती आली, आणि सांगितलेल्यापैकी बऱ्याच गोष्टी तिच्यात नव्हत्या. 'पूर्ण झाला' असा शिक्का बसला, घेणाऱ्यांच्या मनात तो अर्धाच राहिला. माझ्या मते या स्टुडिओने निदान कारण उघडपणे सांगितले. तेवढेही अनेक जण करत नाहीत.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपात आहे. लोक राहत असलेल्या घराचे वायरिंग बदलायचे तर रिकाम्या घरापेक्षा दुप्पट वेळ लागतो. खेळाचेही तसेच. हजारो लोक रोज खेळत असताना प्रत्येक नवी सुधारणा जुने काहीतरी बिघडवते, तक्रारी येतात, मग नवे बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करावे लागते. 'डेझी' हा खेळ डिसेंबर २०१३ मध्ये अशा रीतीने विक्रीला आला आणि महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. पुढे बनवणाऱ्यांनी त्याचा आतला सांगाडाच बदलायला घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला महिनोन्महिने काहीच होताना दिसत नव्हते. १.० आवृत्ती आली ती डिसेंबर २०१८ मध्ये, तब्बल पाच वर्षांनी. पहिल्या आठवड्यात घेणारा अकरावीतला मुलगा तोपर्यंत पदवीधर झाला असेल. खेळ मात्र टिकला आणि आजही लोक तो खेळतात. उशीर म्हणजे बुडीत, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

एकच नाव, दोन नशिबे

आता थोडे सविस्तर सांगते, कारण या एका नावात दोन्ही बाजू दिसतात.

मेक्सिको सिटीतली स्क्वाड ही मुळात जाहिरात-प्रसिद्धीचे काम करणारी कंपनी. तिने 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा खेळ बनवला. आपले रॉकेट आपणच जुळवायचे, ते अवकाशात सोडायचे, यान कक्षेत नेऊन चंद्रावर उतरवायचे. गणित खऱ्यासारखे, त्यामुळे इंधन कमी पडले की यान खरोखर कोसळते. जून २०११ मध्ये त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे आली. तिच्यात फार काही नव्हते. मार्च २०१३ मध्ये खेळ स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये आला, एप्रिल २०१५ मध्ये १.० आवृत्ती निघाली. चार वर्षे लागली, पण दर काही महिन्यांनी काहीतरी नवे हातात पडत होते. सुरुवातीच्या ग्राहकांना पुढचे विस्तारित भाग फुकट देऊ असे सांगितले होते. एप्रिल २०१३ अखेरपर्यंत ज्यांनी खेळ घेतला होता, त्यांना २०१८ मध्ये निघालेला विस्तार खरोखरच फुकट मिळाला.

२०१७ मध्ये टेक-टू या मोठ्या अमेरिकी कंपनीने हा खेळ विकत घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि २०२० साल सांगितले गेले. मग काम करणारा स्टुडिओच बदलला. तारीख २०२१ वर गेली, मग २०२२ वर, मग २०२३ वर. अखेर २४ फेब्रुवारी २०२३ रोजी तो आला, तोही अर्ली ॲक्सेसमध्ये, आणि किंमत ४९.९९ डॉलर. त्या वेळच्या दराने चार हजार रुपयांच्या थोडे वर. पूर्ण झालेल्या मोठ्या खेळांच्या जवळपास जाणारी ही किंमत होती.

हातात पडलेला खेळ महागड्या संगणकांवरही अडखळत होता. पहिल्या भागात असलेल्या काही गोष्टी दुसऱ्यात अजून यायच्या होत्या. पुढे काय येणार याची यादी मात्र देखणी होती. आधी वैज्ञानिक मोहिमा, मग परग्रहावरच्या वसाहती, मग दुसऱ्या ताऱ्यांचा प्रवास, मग अनेकांनी मिळून खेळण्याची सोय. यादीत क्रम होता, तारखा नव्हत्या. वैज्ञानिक मोहिमांचा भाग यायला डिसेंबर २०२३ उजाडला, म्हणजे दहा महिने. त्या वेगाने उरलेल्या गोष्टींना किती वर्षे लागतील हा त्रैराशिकाचा हिशेब खेळाडूंनी केला आणि त्यांचा संताप वाढला.

मे २०२४ मध्ये सिएटलमधल्या ७० जागा कमी होणार असल्याची सरकारी नोटीस बाहेर आली. हा खेळ बनवणारा इंटरसेप्ट गेम्स हा स्टुडिओ त्याच शहरातला. जूननंतर नवी भर थांबली. वसाहती आल्या नाहीत, दुसरे तारे आले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक-टूने ज्या विभागाकडे हा खेळ होता तो विभागच विकून टाकला. खेळ त्यानंतरही दुकानात विक्रीला होता.

इथे तुमच्या लक्षात काय यावे असे मला वाटते? पहिला भाग बनवणारी कंपनी लहान होती आणि या क्षेत्रात नवखी होती. दुसऱ्या भागामागे बडी कंपनी, नावाजलेला खेळ, तयार चाहतावर्ग होता. तरी उलटे झाले. आपण बँकेत येणाऱ्यांना सांगतो की मोठे नाव पाहून ठेव ठेवू नका, अटी वाचा. तेच इथे लागू पडते. पहिल्या भागाच्या ग्राहकाने त्या दिवशी हातात आलेल्या खेळाचे पैसे दिले होते, दुसऱ्या भागाच्या ग्राहकाने मुख्यतः यादीचे.

स्वस्त पडते का?

लवकर घेण्याचे समर्थन करताना मुले सांगतात, आत्ता कमी किंमत आहे, पूर्ण झाल्यावर वाढेल. बऱ्याच वेळा ते खरे असते. आणि काही खेळांनी लवकर येणाऱ्यांचे सोने केले आहे. 'हेडीज' हा खेळ डिसेंबर २०१८ मध्ये अपूर्ण आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये आला तेव्हा कथेचा फक्त पहिला अंक खेळता येत होता. वर्षभराच्या आसपासचा अंदाज होता, लागली जवळपास तीन वर्षे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ आला तेव्हा आधी घेणाऱ्यांना एक पैसाही जास्त द्यावा लागला नाही.

तरी हिशेब करून पाहू. समजा आज किंमत १,००० रुपये आहे आणि पूर्ण झाल्यावर १,३०० होईल. तुम्ही असे चार खेळ घेतलेत, ४,००० रुपये गेले. चारपैकी एक बंद पडला. हातात तीन पूर्ण खेळ आले, म्हणजे एक पडला १,३३३ रुपयांना. थांबून तीनच घेतले असते तर ३,९०० रुपये लागले असते. चारात एक बुडाला तर सवलत संपली आणि वर शंभर रुपये गेले. शिवाय पूर्ण झालेले खेळ सणासुदीच्या सेलमध्ये स्वस्त मिळतात, तो फायदा आपण इथे धरलेलाच नाही.

बंद पडलेला खेळही तुम्ही शंभर तास मजेत खेळला असाल तर तो बुडाला असे म्हणू नका. हिशेब फक्त त्यांचा, ज्यांनी खेळ घेऊन ठेवला आणि 'पूर्ण झाला की खेळू' म्हणत वाट पाहिली. अशांनी तो पूर्ण झाल्यावरच घ्यावा. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

दुसरी नोंद

काकांच्या पासबुकातली १,४९९ ची नोंद मला समजली. १,१९९ ची समजेना. खाते सज्ञान मुलाचे, त्याच्याशिवाय त्यावर बोलता येत नाही, म्हणून त्याला बोलावून घेतले. एकोणीस वर्षांचा, डेटा एंट्रीचे काम करणारा, शांत मुलगा. ती दुसरी रक्कम 'समर्थक संचा'ची होती. खेळ घेऊन अकरा महिने झाले तरी नवे काही येत नव्हते. बनवणाऱ्यांनी कळवले की निधी कमी पडतोय, हा संच घेतलात तर काम वेगाने होईल. संचात काय होते? पात्राला घालायचे दोन कोट आणि एक झेंडा.

"घेतलास का?" मी विचारले. तो म्हणाला, "आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून."

हे वाक्य मी कर्जाच्या टेबलावरही ऐकले आहे, न चालणाऱ्या धंद्यात आणखी भांडवल घालणाऱ्यांकडून. गेलेले १,४९९ रुपये दोन्ही परिस्थितींत गेलेलेच असतात. नवे १,१९९ देताना प्रश्न एवढाच, आज या पैशांत मला दोन कोट आणि झेंडा हवा आहे का? उत्तर 'नाही' असेल तर देऊ नका. आणि हे पैसे आले कुठून? दरमहा ५०० रुपयांची आवर्ती ठेव त्याने आठ हप्ते भरून मोडली होती. वडिलांना सांगितले नव्हते. ते माझ्यासमोरच कळले, आणि थोडा वेळ टेबलाशी कोणीच बोलले नाही.

हा मोह लहान गावातल्या मुलापुरता नाही. 'स्टार सिटिझन' हा खेळ २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झाला. त्याने जमवलेली रक्कम ७० कोटी डॉलरांच्या पुढे गेली, आणि दहा वर्षे उलटल्यावरही तो १.० पर्यंत पोचला नव्हता. त्यात शेकडो डॉलर किमतीची काल्पनिक अवकाशयाने विकली जातात, आणि घेणारे ती घेतात.

परतावा: मुदत छोटी असते

स्टीमवर खेळ घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. कारण सांगावे लागते, पण ते पटले पाहिजे अशी सक्ती नाही. अपूर्ण खेळात घालवलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो. म्हणून घेतल्याच्या दिवशीच बसा, घड्याळ लावा, दीड तासात ठरवा. आपल्या संगणकावर चालतो का, आज आहे तेवढा आवडतो का. 'पुढे सुधारेल' हे उत्तर आले तर परत करा.

परताव्याची रक्कम शक्यतो मूळ पद्धतीने मागा. ते शक्य नसेल तर ती दुकानाच्या पाकिटात जमा होते, आणि त्या पाकिटातले पैसे बचत खात्यात काढून घेता येत नाहीत. त्याच दुकानात खर्चावे लागतात.

घेण्याआधी पानावर एक गोष्ट नक्की पाहा, शेवटची सुधारणा कधी आली. पुढच्या योजनांची यादी नंतर वाचा. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम स्वतःच असा इशारा दाखवते, बनवणाऱ्यांनी वर्षभरात काहीच भर घातली नसेल तर. काम हळू चालले असले तरी बनवणारे बोलत असतील, काय अडले ते सांगत असतील, तर मी थोडा धीर धरीन. बोलणे थांबले की समजून घ्यावे.

मुदत उलटल्यावर बँक काय करू शकते? काकांना मी जे सांगितले तेच तुम्हाला सांगते. व्यवहार मुलाने स्वतः ओटीपी टाकून केला, माल मिळाला, तो अपूर्ण असल्याची सूचना पानावर होती. अशा व्यवहारावर बँकेकडे वाद दाखल केला तरी तो टिकणे कठीण. वर काही दुकाने वाद दाखल झाला की ग्राहकाचे खातेच गोठवतात, मग आधी घेतलेले बाकीचे खेळही अडकतात. वर्णनात धडधडीत खोटे असेल, पैसे दोनदा कापले गेले असतील किंवा व्यवहार तुम्ही केलेलाच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ताबडतोब या. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

रागाचा वास लागतो

मुलाच्या पासबुकात काकांनी गोल न केलेल्या आणखी दोन नोंदी होत्या. दोन्ही आदल्या संध्याकाळच्या, यूपीआयच्या, १,४९९ आणि २,६९८ रुपयांच्या. मी आकडे जुळवले. १,४९९ आणि १,१९९ मिळून २,६९८ होतात.

खेळाडूंच्या एका गटात कोणीतरी लिहिले होते, कंपनी नाराज ग्राहकांना पैसे परत देते आहे. मुलाने संपर्क केला. समोरच्याने क्यूआर पाठवला, 'स्कॅन करून पिन टाका, १,४९९ जमा होतील'. जमा होण्याऐवजी तेवढेच गेले. 'चुकून अडकले, आता दोन्ही रकमा एकदम देतो' म्हणून दुसरा क्यूआर आला. त्यात २,६९८ गेले. बावीस महिन्यांच्या चिडीत त्याने दोन मिनिटेही विचार केला नव्हता. ठगांना रागावलेला माणूस फार सोपा असतो.

पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पिन आपणच टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी बसते, म्हणून एक तासही दवडू नये. आम्ही तिथूनच १९३० वर फोन लावला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. २,६९८ रुपये पुढच्या खात्यात अडवता आले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. पहिले १,४९९ गेले ते गेलेच.

मुलाने कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार त्याच दिवशी बंद केले. ही सोय तुमच्याही बँकेच्या ॲपमध्ये आहे, हवे तेव्हा चालू, एरवी बंद. आवर्ती ठेव त्याने पुन्हा सुरू केली, ५०० रुपयांचीच. खेळ अजून पूर्ण झालेला नाही. "अधूनमधून खेळतोस का?" असे मी परवा विचारले तर म्हणाला, "खेळतो ना मॅडम. आहे तेवढा बरा आहे."

करून पाहा

आज १,२०० रुपयांना मिळणारा अपूर्ण खेळ पूर्ण झाल्यावर १,५०० रुपयांना मिळेल असे धरा. असे पाच खेळ तुम्ही आजच घेतलेत. पाचपैकी किती पूर्ण झाले तर तुमचे पैसे वाचतील? वहीत मांडा, मग पुढे वाचा.

आज जातील ६,००० रुपये. चार पूर्ण झाले तर थांबूनही ६,०००च लागले असते, वाचले काहीच नाही. तीन पूर्ण झाले तर १,५०० रुपयांचा तोटा. पाचच्या पाच पूर्ण झाले तरच १,५०० रुपये वाचतात.